शड्डू

"तुमच्या त्या बटणांत शड्डू कुठाय?" संयोगिता नवऱ्याला, धैर्यशीलला, चिडवायची. लग्नाआधी ती तालमीत कुस्ती खेळलेली. मारामारीच्या गेममध्ये अंगठ्यांनी कंट्रोलर दाबत बसणं तिला लढणंच वाटायचं नाही. गेमच्या कंपनीने जुने कंट्रोलर परत घेऊन अंगावर बांधायचे पट्टे फुकट वाटले, तेव्हा तिने ते लगेच बांधले. आता तिने मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला, की पडद्यावरची पैलवानही ठोकायची. मग तळहातावर फुंकर मारायची तिची जुनी सवय, आणि लगेच धोबीपछाड.

धैर्यशीलने आपला कंट्रोलर दिला नाही. "फुकट कोण देतं गं? आपल्याकडचं काहीतरी पाहिजे असणार त्यांना."

त्याच्या सूतगिरणीत संप झाला. संयोगिता डबा घेऊन गेली, तर फाटकावर मालकाने नवे लोखंडी पहारेकरी उभे केले होते. कामगार घोषणा देत पुढे सरकले. धैर्यशील सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्यासमोरच्या पहारेकऱ्याने पाय किंचित उचलला आणि मांडीवर खणकन थाप मारली.

"आयला, पैलवान आलाय!" कोणीतरी हसलं.

मग पहारेकऱ्याने तळहात वर नेला आणि तोंड नसलेल्या चेहऱ्यासमोर क्षणभर धरला.

धैर्यशीलचं हसू मावळलं. त्याने वळून गर्दीत बायकोला शोधलं.

"अहो, मागं या!" डबा टाकून ती धावली. पुढचा डाव तिचाच होता, आणि त्यातून आजवर कोणी उठलं नव्हतं.