चौक मोकळा करा

सकाळी रेडिओवर पॅरिसचे कुणी प्राध्यापक सांगत होते, "आपल्याकडे आता क्रांती वगैरे होत नसते. लोक शनिवारी ओरडतात आणि सोमवारी निमूट कामावर जातात." पोलिसांच्या गाडीत बसलेल्या शिपाई सोलेनला ते अगदी पटलं. दर शनिवारी मोर्चे अडवायला ढाल धरून तिचे खांदे भरून आले होते.

आज मोर्चा तिच्याच गावात होता. गावातलं प्रसूतिगृह बंद झालं होतं, आणि गेल्या आठवड्यात शहराकडे नेताना एक बाई रस्त्यातच बाळंत झाली. मूल दगावलं. चौकात गाव लोटलं होतं. सगळ्यांत पुढे काठी टेकत सोलेनची आई, ओदिल.

"आई, घरी जा गं. आता हुकूम येईल," पोलिसांच्या रांगेत उभी सोलेन हेल्मेटच्या आतून पुटपुटली.

"येऊ दे. तू इथल्याच प्रसूतिगृहात जन्मलीस, मी कुठे जाऊ?" ओदिल म्हणाली. "आणि जेवलीस का काही? तोंड बघ किती उतरलंय."

तेवढ्यात साहेब ओरडले, "रांग पुढे! चौक मोकळा करा!"

सोलेनचे पाय हलेनात. आता नोकरी गेलीच, असं मनाशी म्हणत तिने डोळे मिटले. पण बुटांचा आवाज काही येईना. तिने डोळे उघडले, तर अख्खी रांग जागच्या जागी उभी होती.

"तू का रे थांबलास?" तिने शेजारच्या थिबोला विचारलं.



"तुझ्या आईच्या मागे ती लाल मफलरवाली दिसते ना," तो थकल्या आवाजात म्हणाला, "ती माझी आई."