हसरी वाटी

पुन्हा तेवीसच्या तेवीस चिंचोके हसऱ्या वाटीत! पडवळबाईंना आश्चर्य वाटले. रोज हजेरीनंतर तिसरीच्या प्रत्येक मुलाने हसरी, रडकी व रागीट अशा तीन वाट्यांपैकी त्या दिवशी मन जसे असेल त्या वाटीत चिंचोका टाकावा, हा उपक्रम त्यांनी मोठ्या हौसेने आरंभिला होता. सोमवारी मात्र पाहणीला साहेब येणार म्हणून त्यांनीच वर्गाला बजावले होते, “आज सगळ्यांनी हसऱ्यातच टाकायचा हं!” साहेब प्रसन्न होऊन गेले. आज गुरुवार होता.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढणाऱ्या कौसामावशी हळूच म्हणाल्या, “बाई, त्या ईश्वरीची आई रविवारी घर सोडून गेली. पोर चार दिवस नुसतं ताट चिवडतीय.”

बाईंनी ईश्वरीला रिकाम्या वर्गात नेऊन जवळ बसवले.

“बाळ, चिंचोका हसऱ्यात का गं टाकलास?”

“तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई.”

“अगं, ते त्या एका दिवसापुरतं, साहेबांसाठी.”

ईश्वरी बावरली. “मला वाटलं, आता रोज तसंच. आजीपण म्हणते, रडू नको, लोक हसतात.” तिने विचारले, “मग रडायचं कुठं, बाई?”

त्या प्रश्नाने बाई लज्जेने व्याकूळ झाल्या. “इथं. माझ्यापाशी,” असे म्हणून त्यांनी तिला कुशीत ओढले.

त्या आज्ञाधारक लेकराने डोळे घट्ट मिटले, ओठ आवळले आणि पुष्कळ प्रयत्न केला. परंतु रडू काही येईना.