चौथा फुगा

चौथा फुगा फुगायलाच नको होता. बाकीचे शहाण्यासारखे वागले होते. साध्या साखरपाण्यातल्या यीस्टने आपल्या बाटलीवरचा फुगा टम्म फुगवला होता. मिठाच्या आणि दालचिनीच्या बाटल्यांवरचे फुगे माना टाकून पडले होते. पण चौथ्या बाटलीत शर्वरीने कॉलेजच्या प्रयोगासाठी बाबांची रम निम्म्याहून जास्त ओतली होती, आणि तिच्यावरचा फुगा पहिल्याच्या बरोबरीने डोलत होता.

"हट्! ऐसे कैसे?" शर्वरी वैतागली. एवढ्या दारूत यीस्ट वाढत नाही, असं मॅडमनी कॉलेजात स्वच्छ सांगितलं होतं. तिने बाटल्या धुतल्या, कपाटातली रम पुन्हा घेतली, सगळं नव्याने मांडलं. टी. टी. नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये उन्हाळा लागला की वेगळी ऊब द्यावी लागत नाही. दुपार कलेपर्यंत चौथा फुगा पुन्हा टम्म.

तिची आई मंजूषा ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिने फुग्याकडे पाहिलं आणि तिचं लाटणं थांबलं.

"आई, यात दारूच नाहीये."

मंजूषाने गॅस बंद केला. "संक्रांतीपासून काढतेय मी," ती हळूच म्हणाली. "नवी बाटली आली की आधीपेक्षा थोडी जास्त मोरीत ओतायची, तेवढं पाणी घालायचं. रंगाला कोरा चहा. म्हटलं, दारू कमी झाली की हात आपोआप थांबेल."

कोल्ड्रिंक, लिंबू आणि वर चाट मसाला घालून पिणाऱ्या बाबांना, यशवंतरावांना, चव कळणार तरी कशी!

या घरात एक वाक्य वर्षानुवर्षं चालत आलं होतं. नागपूरची आत्या तेच म्हणायची, शेजारच्या तिवारी काकी तेच म्हणायच्या, आणि आई तर गालावर बर्फ धरून म्हणायची: माणूस वाईट नाही गं, दारू वाईट. त्या वाक्याच्या भरवशावरच शर्वरीने बाबांवर माया केली होती.

"होळीला बाबांनी तुझं मनगट मोडलं," ती म्हणाली, "तेव्हाही चहाच होता?"

मंजूषाने ते मनगट पदराखाली घेतलं. "थोडी तरी असेल ना गं त्यात?"

शर्वरीने टम्म फुगलेल्या चौथ्या फुग्याकडे बोट केलं.

संध्याकाळी यशवंतराव ऑफिसातून आले. ग्लास भरला, रिकामा केला, परत भरला. डोळे लाल झाले, जीभ जड झाली. मग बाटलीतली उतरलेली पातळी त्यांच्या लक्षात आली.

"कोणी हात लावला बाटलीला? बोल!" ते झोकांड्या खात शर्वरीकडे वळले. मंजूषा मध्ये आली. नेहमीसारखीच आली, आणि नेहमीसारखीच थप्पड तिला बसली.

मग ते ताट घेऊन टीव्हीपुढे बसले. दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या.

स्वयंपाकघरात शर्वरी रडत बर्फ काढत होती. "आई, आता?"

मंजूषाने उरलेली बाटली मोरीत उपडी केली. चहाचा वास आला.

"आता नव्या बाटलीत काही घालणार नाही मी," ती म्हणाली. "पिऊ देत त्यांना खरीच. दारूला शिव्या देत संसार तरी करता येतो."