पहिलं पाणी

व्यंकटी मिस्तरीनं तो शब्द पुन्हा काढला, तेव्हा चांगुणाच्या डोक्यावर वाळूचं घमेलं होतं.

“ट्रॅप,” तो मुकादमाला सांगत होता. “आपल्या काळ्या दगडाचं नाव. लांब कुठं बर्फाच्या मुलखात जिन्याला तसं म्हणत्यात. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, म्हणून दगडाला जिन्याचं नाव पडलं. मॅडम सांगत हुत्या.”

“मिस्तरीला आता कालेजात घालावं लागतंय,” म्हणत मुकादम हसला. चांगुणानं नवऱ्याच्या पायाशीच घमेलं उपडं केलं. धूळ त्याच्या तोंडावर उडाली. त्यानं ती पुसली आणि पुढं बोलत राहिला.

मॅडम म्हणजे नांदेडच्या बिलकीस मॅडम. लातूर नवा जिल्हा झाला, कचेरीची इमारत उठू लागली आणि पाऊस फिरकलाच नाही. बोअरची जागा बघायला त्या यायच्या. दगड फोडून भिंगातून बघायच्या, व्यंकटीलाही बघायला द्यायच्या. त्यात वावगं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. चांगुणाला भांडता आलं असतं. घरी भाकरी मोडताना तो दगडाविषयीच बोलायचा. तिच्याशी नाही, भाकरीशी.

आज कचेरीचा काळ्या दगडाचा जिना पुरा झाला होता. पुऱ्या झालेल्या जिन्यावर गवंड्याच्या बायकोनं विहिरीचं पाणी घालायचं, त्याआधी कोणी पाऊल ठेवायचं नाही, ही त्यांची रीत. व्यंकटीच्या प्रत्येक जिन्याला पहिलं पाणी चांगुणाच्या हातचं होतं.

“तांब्याभर पाणी आण हिरीचं,” व्यंकटी म्हणाला. मग पायरीची कड हातानं पुसत, तिच्याकडे न बघता, “आज मॅडम घालतील.”

“आन् मी?”

“तू काय, दर वेळी घालतीसच.”

इमारतीमागची विहीर तळाला गेली होती. बांधलेल्या पायऱ्या अर्ध्यातच संपल्या. एरवी तिथं पाणी लागायचं. त्याखाली काय आहे ते चांगुणानं कधी पाहिलं नव्हतं. आता खाली उघडा खडक होता, एकाखाली एक आडवे कंगोरे सुटलेला. त्यांवर पाय टेकत ती उतरत गेली आणि मध्येच थांबली. हात फिरवून पाहिला. छिन्नी-टाकीची खूण कुठंच नव्हती.

तळाला घोट्याएवढं डबकं होतं. तिनं तांब्या भरला. मग खडकाच्या शेवटच्या पायरीवर तो सावकाश ओतला. पाणी तिच्या पावलांवरून परत डबक्यात गेलं.

हे व्यंकटीला सांगायचं नाही, एवढं तिनं ठरवलं.

ती परतली तेव्हा जिन्यापाशी सगळे जमले होते. मॅडम पदर खोचून उभ्या होत्या. व्यंकटी बांबूच्या परांचीवरून वरच्या मजल्यावर गेला होता, तिथून वाकून बघत होता.

“आणलंस?”

“न्हाई मिळालं.”

“तळाला गेलतीस का?”

“हाव. बघा की, रिकामा तांब्या,” म्हणत चांगुणा जिना चढू लागली. लुगड्याचा काठ ठिबकत होता.

“आगं, पाय...” व्यंकटी वरून म्हणाला.

मॅडम खाली वाकल्या. पहिल्या पायरीवर दोन ओली पावलं उमटली होती. दगड तेवढाच गडद काळा दिसत होता.

“मिस्तरी,” त्या म्हणाल्या, “पाणी पडलं.”

चांगुणा मागं न बघता चढत होती.