बुधवारच्या बाई

गोगीने ते पान वाचून दाखवलं आणि ती सातवीत गेली. पण हे अजून घडलेलं नाही. सध्या बुधवार आहे, शेवटचा तास आहे आणि गोगी समुपदेशक बाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली आहे. तेव्हा आपण काही ऐकलंच नाही.

वर्गात तिला गोगलगाय म्हणत, लाडात आलं की गोगी. ती वाचायला उभी राहिली की अक्षरं जागा सोडून पळत, आणि एकेकाला पकडून आणेपर्यंत तास संपे. मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं: वर्षअखेरीला एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं, नाहीतर पुन्हा सहावी.

पुन्हा सहावी म्हणजे धाकट्या भावाच्या वर्गात. धाकटा मनाने चांगला होता.

"ताई, तू काळजीच करू नकोस," तो म्हणाला. "खिडकीजवळची जागा मी तुला देईन."

गोगी त्या दिवशी जेवली नाही. म्हणून वर्गशिक्षिकेने तिला दर बुधवारी समुपदेशक बाईंकडे पाठवायला सुरुवात केली.

बाकावर आणखी दोघं असत. एक भोंगा. त्याला राग आला की वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई आणि एखादं दार कामातून जाई. दुसरी तपासनीस. आपण काहीतरी विसरलोय असं तिला सतत वाटे. ती दप्तर उघडून बघे, बंद करी, आणि नीट बंद झालं का हे बघायला उघडे.

समोर कारकून काकांचं टेबल.

"काका, माझा नंबर कधी?" पहिल्याच दिवशी भोंगा ओरडला.

"हळू! आत ऐकू जातं. तुला काय विमान पकडायचंय?"

"नाही."

"मग बस की. बाई थांबा म्हणाल्यात."

भोंगा कुजबुजायला शिकला. त्याची कुजबुज म्हणजे इतरांचं बोलणं, पण शाळेतली दारं शाबूत राहू लागली.

वेळ जाईना म्हणून एकदा गोगीने धडा काढला.

"अगं, तू खालची ओळ वाचतेयस," भोंगा म्हणाला.

"मी नाही वाचत. तीच वर चढते."

"कोण?"

"खालची ओळ."

भोंग्याने ओळीखाली हात आडवा ठेवला. "आता चढून दाखव म्हणावं." पण त्याच्या पंजाखाली अर्धा धडा गेला. मग तपासनीसने बिस्किटांच्या पुड्याचा पुठ्ठा कापला आणि त्यात एकच ओळ दिसेल अशी खिडकी केली. खिडकी सरळ आहे ना, हे तिने इतक्यांदा तपासलं की पुठ्ठा मऊ पडला.

"‘होता’ आहे, ‘होती’ नाही. परत वाच," ती म्हणे.

"छळवादी आहेस."

"आहेच. परत."

तपासायला दुसऱ्याचं काहीतरी मिळाल्यापासून तिचं स्वतःचं दप्तर तासभर बंद राहू लागलं.

घरी आई विचारी, "आज बाई काय म्हणाल्या?"

"थांब म्हणाल्या."

"शहाण्या आहेत. सगळ्यांनी नुसती घाईच लावलीये तुझ्यामागे. आणखी काय?"

"काही नाही. आपण बोलायचं. त्या मधे बोलत नाहीत."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

आईने पेपरमागच्या बाबांकडे बघितलं. "तुम्हीपण जाऊन या एकदा. शिकून तरी या."

"मी कुठे काय—" बाबा मधेच म्हणाले.

वर्षअखेर आली. मुख्याध्यापिकांच्या खोलीत गोगीने खिशातून पुठ्ठा काढला.

"हे काय आणि?"

"खिडकी आहे, मोठ्या बाई. ओळी पळू नयेत म्हणून."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वाच."

गोगीने वाचलं. मधे अडली, एकदा मागे गेली, एका जोडाक्षरापाशी तर मुक्कामच केला. पण शेवटच्या पूर्णविरामावर पोचली.

"पोचली!" दाराबाहेरून भोंगा कुजबुजला. शेजारच्या वर्गाला वाटलं शाळा सुटली. मुलं दप्तरं घेऊन फाटकापर्यंत गेली. हळहळला तो फक्त धाकटा. त्याने खिडकीजवळच्या मुलाला आधीच पटवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई फुलझाडाची कुंडी घेऊन शाळेत आली. बाईंचे आभार मानल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं. बाकावर भोंगा होता, तपासनीस होती, आणि ती दोघं एका रडवेल्या नवीन मुलीला सरकून जागा करून देत होती. कारकून काका नेमके चहाला गेले होते. आईने दार वाजवलं, जरा वाट बघितली आणि ढकललं.

आत छतापर्यंत मोडके बाक रचले होते. माणूस सोडा, खुर्ची ठेवायलाही जागा नव्हती.

मागून काका धापा टाकत आले, त्यांच्यामागून मुख्याध्यापिका.

"पद मंजूर झालं," काका अगदी हळू म्हणाले. "पाटी आली, बाहेरचा बाक आला. बाई तेवढ्या आल्या नाहीत. कधीच. आणि पोरं बसायला लागली, मग सांगायचं कसं?"

"काकू, बाई आहेत का आत?" बाकावरून भोंग्याने विचारलं.

आईने दार अलगद ओढून घेतलं.

"आहेत ना," ती म्हणाली. "कामात आहेत."

तिने कुंडी दाराशी ठेवली. मुख्याध्यापिका काकांकडे वळल्या. "लिहून घ्या हो. वरिष्ठ कार्यालयास सविनय सादर. या शाळेतील समुपदेशकाच्या रिक्त पदाचे काम अत्यंत समाधानकारक असून, सदर रिक्त पदास नियमानुसार बढती देण्यात यावी, ही नम्र विनंती."