पोपटी की जांभळं

आर्डिसनं दुकानातून बाहेर येऊन पिकअपच्या काचेवर पाकीट टेकवलं. पाकिटात गळाला ओवायचे गुलाबी रबरी मासे होते, बोटाएवढे लांब, वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेले. आत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, वर्लिननं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तोंड काय फिरवतोस? काच खाली कर आणि बोल."

काच चार बोटं खाली आली. "ना... ही," वर्लिन म्हणाला आणि काच वर गेली.

उद्या वॉलाय माशाचा हंगाम उघडणार होता. दरवर्षी आदल्या दिवशी वर्लिन या दुकानात येऊन बसायचा, तो जेवायची आठवण झाली की उठायचा. जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्याचं तोंड उजवीकडे जरा उतरलं होतं आणि शब्द ओठांवर येऊन अडकत होते. ओळखीच्या माणसांसमोर जायचं त्यानं सोडूनच दिलं. आजही यायला तयार झाला तो एका अटीवर, की गाडीतून उतरणार नाही. आर्डिसनं अट मान्य केली. पण मनातून ती धास्तावली होती. उद्या होडी सोडायच्या धक्क्यावर सगळं गाव असणार. आज या दुकानातल्या चार माणसांसमोर जो उतरत नाही, तो उद्या तळ्यावर काय उतरणार?

ती आत गेली. गल्ल्याजवळ कॉफी पीत बसलेली मंडळी खिडकीतून सगळं बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती. तिनं भिंतीवरून दुसरं पाकीट काढलं, धुरकट, आरपार दिसणाऱ्या माशांचं. ते काचेला लावलं मात्र, वर्लिन उसळला.

"पाणी... पाणी बघ!"

या तळ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस, त्यात ते धुरकट मासे कुणाला दिसणार? आर्डिसला हे ठाऊक नव्हतं. पण जानेवारीपासून तो पहिल्यांदाच ओरडला होता. तिला इतका आनंद झाला की रागवायचंच राहून गेलं.

ती परत आली तेव्हा दुकानाची मालकीण डोरीन स्वतःच पुढे झाली. तिनं पोपटी रंगाचं पाकीट काढलं. आतले मासे सडपातळ होते, शेपटी दोऱ्यासारखी, नुसती थरथरणारी. मे महिन्याच्या गार पाण्यात वॉलाय सुस्त असतो, फार वळवळणाऱ्या आमिषामागे तो धावत नाही.

"हे घे. या दिवसांत तो दुसरं काही लावतच नाही. उगाच का छळतेस त्याला?"

"हे बरोबर आहे, म्हणून तर नको," आर्डिस म्हणाली. पाकीट परत अडकवून तिनं खालच्या रांगेतून एक काळंकुट्ट, बेडकाएवढं, सहा पायांचं रबरी धूड उचललं.

"अगं, ते वॉलायचं नाहीच मुळी!"

"जाऊ दे तिला," कॉफीच्या कपामागून म्हातारा ऑरिन म्हणाला. होडीत वर्लिनच्या शेजारी बसायचा मान वर्षानुवर्षं त्याचा. "जाऊ दे, जाऊ दे."

आर्डिसनं ते धूड काचेला लावलं. वर्लिननं ते पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग परत ते पाहिलं. दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग डावा पाय, मग ओढत उजवा. त्याला आधार द्यायला तिचे हात शिवशिवत होते. तिनं पाकीटच घट्ट धरून ठेवलं.

"मूर्ख बाई," तिच्या बाजूनं जाताना तो म्हणाला. दोन्ही शब्द न अडखळता आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं गोड तो तिला क्वचितच काही बोलला असेल.

तो दारात आला तेव्हा कुणी उठलं नाही, तब्येतही विचारली नाही. उत्तर मिनेसोटात तसं कुणी करत नाही. कुणी केलं असतं तर तो आल्या पावली परतला असता.

"दार लाव की, ऊब बाहेर चाललीय," ऑरिन म्हणाला आणि वाट मोकळी करायला त्यानं आपलं स्टूल सरकवलं.

वर्लिन पाकिटांच्या भिंतीसमोर उभा राहिला. डावा हात वर करून डोरीनला म्हणाला, "पो..."

पुढचं येईना. दुकानातल्या प्रत्येकाला तो शब्द माहीत होता. डोरीनचा हात त्या पाकिटाशीच होता, पण तिनं ते काढलं नाही. आर्डिसच्या तर जिभेवरच आला होता शब्द, गेले काही महिने त्याची वाक्यं तीच पुरी करत होती. तिनं गल्ल्यावरच्या ताटलीतली लिंबाची वडी उचलून तोंडात कोंबली.

"पो... पोपटी."

"पोपटी?" ऑरिन कडाडला. "यंदा बर्फ उशिरा वितळलाय. जांभळं लाव लेका, जांभळं! पोपटी लावलंस तर उद्या हात हलवत घरी जाशील."

वर्लिन काठीवर भार देत वळला. "तू... गेल्या वर्षी... जांभळंच... लावलं होतंस." तो थांबला. सगळे थांबले. "गळाला काय लागलं? माझी... दोरी."

दुकान हसण्यानं दणाणलं. ऑरिनचे कान लाल झाले आणि तो वाऱ्याला दोष देऊ लागला. वर्लिननं डाव्या हातानं एक स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बैठक मारली.

"मग पोपटीच बांधू ना?" डोरीननं हळूच आर्डिसला विचारलं.

आर्डिसनं स्वतःसाठी कपभर कॉफी ओतली.

"घाई करू नकोस. आत्ता कुठे त्यांचं भांडण लागलंय."