ओबडधोबड सांधा

मिशिगन सरोवराकाठच्या संग्रहालयात पाणबुडीचा जुना रंग खरवडला आणि वेल्डिंगचे सांधे उघडे पडले, तेव्हा तिथल्या नॉर्बर्टने गावातल्या लिओकाडियाआजींना फोटोसाठी बोलावलं. दुसऱ्या महायुद्धात त्या गावातल्याच गोदीत पाणबुड्यांचं वेल्डिंग करायच्या. "आजी, या सांध्यावर हात ठेवा आणि हसा." आजींनी हातमोजा काढून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "हे आमचं काम नव्हे. एवढा ओबडधोबड सांधा मुकादमानं तोडून पुन्हा करायला लावला असता." "पाणबुडी दुसऱ्या गोदीतली आहे हो, नंतर आणलेली. पण फोटोत कुणाला कळतंय?" नॉर्बर्ट हसला. "मग तुमची कुठंय?" "आमची बांधून झाल्यावर आडवी नदीत ढकलली, तेव्हा पलीकडच्या काठावरची गर्दी चिंब भिजली होती. तिच्यावरची खलाशी पोरं दर रविवारी आमच्याकडे जेवायची. पोरांसकट समुद्रात गेली, ती परत आलीच नाही." नॉर्बर्टने कॅमेरा खाली घेतला. आजींचा हात सांध्यावरच होता. "हा टिकला," त्या पुटपुटल्या. "मग माझा कुठे चुकला रे?"